अठरा ग्रॅम मीठ

६ ऑक्टोबर

आजपासून दोन वह्या. निळी वही कामाची, तिच्यात फक्त वजनं आणि वेळा. ही दुसरी खाजगी. काशीवहिनी माझ्यापासून काहीतरी लपवते आहे असा मला संशय आहे, आणि तो निळ्या वहीत लिहून चालणार नाही, कारण ती वही स्वयंपाकघरात उघडी पडलेली असते.

आधी माझी बाजू लिहून ठेवतो. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं गुणवत्ता तपासणीत होतो. समोर आलेला प्रत्येक भाग सदोष आहे असं धरायचं आणि तो निर्दोष ठरला तरच पुढे सोडायचा, हे माझं काम. ऑगस्टमध्ये नोकरी सोडली आणि मालवणला घरी आलो. 'घरगुती जेवण' अशी पाटी लावलेली घरं इथे पावलोपावली आहेत, पण वहिनीच्या हातचं कालवण एकाच घरात मिळतं. दादा जाऊन नोव्हेंबरात वर्ष होईल. वर्षश्राद्ध झालं की एक डिसेंबरला आपलीही पाटी लावायची, असं मी आणि वहिनीने ठरवलं आहे. तोपर्यंत तिच्या कालवणाचं पक्कं प्रमाण काढायचं. आज छान आणि उद्या बेचव, असं झालं तर आलेला पाहुणा परत येत नाही.

माझी बायको दीपिका पुण्याला शाळेत शिकवते. तिने साफ सांगितलं आहे की एक तारखेला सुरू झालं नाही तर मी पुण्याला परत यायचं आणि मिळेल ती नोकरी धरायची. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य एका टोपात शिजतंय, आणि त्या टोपाशी वहिनी बसली आहे.

९ ऑक्टोबर

बांगड्याचं कालवण, सहा माणसांचं. (आम्ही दोघंच, उरलेलं शेजारी दाजींकडे जातं. दाजी तपासणी न करता खातात.) मीठ किती घालतेस म्हणून विचारलं तर वहिनी म्हणाली, "हाताक कळता."

मी काट्यावर वाटी ठेवली आणि म्हटलं, आधी ह्यात घाल, मग टोपात ओत. परवा अकरा ग्रॅम, काल चोवीस, आज सोळा. पहिलं अळणी, दुसरं तोंडात धरवेना, तिसरं जेमतेम. मशीन असती तर मी ती बंद करून खोलायला लावली असती. पंचेचाळीस वर्षं रांधणाऱ्या हाताचा एवढा फरक पडत नाही. म्हणजे हे मुद्दाम चाललंय. मला प्रमाण सापडू नये म्हणून.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि वहिनी वीसची, नुकती लग्न होऊन आलेली. मला तिनेच भरवलंय. म्हणून जास्तच लागतं.

१३ ऑक्टोबर

तुळसा मासे घेऊन आली. वहिनीची पद्धत मला लहानपणापासून माहीत आहे: माशाचा कल्ला उचलायचा, नाकाशी धरायचा, आणि पसंत नसेल तर काही न बोलता टोपलीत परत टाकायचा. तिला फसवायची या किनाऱ्यावर कोणाची छाती नव्हती. आज तिने सरंगा उचलला, नाकाशी धरला आणि माझ्यापुढे केला.

"तू बघ रे विनू. शिकाक नको तुका?"

मी म्हटलं, माका काय कळता त्यातला. तुळसा म्हणाली, "ताजो आसा गो वैनी, सकाळचो." वहिनीने घेतला. कापायला घेतल्यावर असा वास सुटला की मी पडवीत पळालो. वहिनी मात्र शांतपणे त्याला हळद चोळत होती. शेवटी मीच तो माडाच्या मुळाशी पुरला. वहिनीचा चेहरा तेवढ्यापुरता उतरला.

तुळसा आणि वहिनीचं काहीतरी साटंलोटं आहे.

१८ ऑक्टोबर

आणखी एक गोष्ट लक्षात आली. वहिनी स्वतः केलेलं खात नाही. मला ताटभर वाढते आणि आपण पेज घेऊन बसते, तीही दोन घास. विचारलं तर म्हणाली, "भूकच नाय." कारखान्याचा मालक आपलाच माल आपल्या गाडीला लावत नसेल तर मी काय समजायचं?

दीपिकाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तिला बरं नसेल."

म्हटलं, गणपतीच्या आधी आठवडाभर ताप होता, तो कधीच गेला. आता ठणठणीत आहे, विहिरीचं पाणी काढते.

"मग तिलाच विचार ना सरळ."

दीपिका मराठी शिकवते. संशयिताला विचारून दोष सापडत नसतो, हे तिला कोण सांगणार?

२४ ऑक्टोबर

आज काम फत्ते झालं. दिवाळीचे चार दिवस सोडले तर रोज एक टोप, प्रत्येकाला माझ्या जिभेचे दहापैकी गुण, आणि त्यातून निघालेलं प्रमाण. सहा माणसांच्या कालवणाला खोबऱ्याचं वाटप इतकं, मसाला इतका, आंबटाला सोलं सात, वासाला तिरफळं पाच, मीठ अठरा ग्रॅम. निळ्या वहीत लाल शाईने चौकट काढून लिहिलं. वहिनी भात धूत होती, हात पुसत आली.

"ह्यां काय?"

"तुझा कालवण. आता कोणी पण केल्यान तरी ह्यांच होतला."

"कोणी पण?"

"कोणी पण."

ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. सातवी शिकलेली आहे, आकडे तिला चांगले वाचता येतात. मग म्हणाली, "बरां झालां. लय बरां झालां." आणि परत भाताकडे गेली. एवढा आनंद होण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. नोंद करून ठेवतो.

२९ ऑक्टोबर

पाच दिवसांचं मीठ: अठरा, अठरा, अठरा, अठरा, अठरा.

कालवण पाचही दिवस उत्तम. पण माणसाच्या हाताला असं जमत नाही. सतरा, एकोणीस, साडेअठरा, असं पुढेमागे होणारच. आकडे इतके गुळगुळीत आले की तपासनीसाची झोप उडते. आज निळी वही उजेडात धरून पाहिली, तर लाल चौकटीच्या पानावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा. एक नाही, तीन.

म्हणजे माझ्या पाठीमागे ती वही बघते, काट्यावर मीठ मोजते, आणि मी आलो की हाताने घातल्याचा आव आणते. स्वतःचंच प्रमाण चोरायचं तिला काय कारण?

कारण संध्याकाळी कळलं. ती पडवीत फोनवर होती, सावंतवाडीला, तिच्या मुलीशी. संचिताचं सासर तिकडेच आहे, आणि जावयाला कधीपासून हॉटेल काढायचंय. मी खिडकीशी उभा होतो. वहिनी म्हणत होती, "तेका सांगू नको हां. पयली तारीख होऊ दे, मगे काय ता बघूया."

तेका म्हणजे मला. दुसरं कोण आहे या घरात?

४ नोव्हेंबर

सापळा लावला. असं करणं बरं नाही हे मला कळतं, पण चाचणीशिवाय आरोप करणं त्याहून वाईट. निळ्या वहीत अठराच्या एकाचा दोन केला आणि आठाचा सहा. सव्वीस. सकाळी दाजींकडे जातो म्हणून बाहेर पडलो, दुपारी जेवायला आलो.

पेडव्यांचं कालवण मीठ म्हणजे मीठ. वहिनी समोर बसून वाढत होती, आणि तिची पापणी हलली नाही. वर विचारते कसं, "आणि घालू?" मी नको म्हटलं आणि दोन तांबे पाणी प्यालो. दाजींकडचं भांडं तर मीच वाटेत ओतून दिलं.

सिद्ध झालं. ती वहीतलं घालते. आणि खारट झालेलं समोर दिसत असताना तोंडातून एक शब्द काढत नाही, इतकी ती पक्की आहे. आकडा परत अठरा केला.

दीपिकाला सांगितलं तर तिने विचारलं, "विनीत, तिने चाखलं होतं का ते?" मी म्हटलं, प्रश्न तो नाहीये.

९ नोव्हेंबर

बुधवारी दादाचं वर्षश्राद्ध. चाळीस पानं. वडे, खीर, भाज्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. सांबारं दादाचं फार आवडीचं, तो वडे बाजूला ठेवून तेच प्यायचा. वहिनी म्हणाली, "ह्या सगळां मीच करतलंय. कोणाक हात लावूक देवचंय नाय."

मी चाळीस माणसांचा तक्ता केला. कालवणाचं मीठ सरळ सातपट केलं की फसलं, कारण वाटाणे उकडताना त्यात आधीच मीठ पडतं, ते वजा करावं लागतं. पानावर सांबारं वाढतातही कमी. पूर्ण हिशोब केला आणि निळ्या वहीत लिहिला. वहिनीने दोनदा विचारलं, "चाळीस मानसांचा गणित झालां मां?" तिला कधीपासून गणित लागायला लागलं?

मंगळवारी संचिता येणार. वही तिच्या हाती लागता कामा नये. म्हणून ती दादाच्या ट्रंकेत ठेवली, त्याच्या कपड्यांखाली. वहिनीने वर्षभरात त्या ट्रंकेला हात लावलेला नाही, त्यामुळे जागा पक्की आहे. शिवाय श्राद्धाचं जेवण पान ठेवल्याशिवाय कोणी चाखायचं नसतं. वहीशिवाय, चाखल्याशिवाय, तिचा हात काय करतो ते कळेल. यापेक्षा चांगली चाचणी मला मिळणार नाही.

१२ नोव्हेंबर

श्राद्ध झालं. घडलं तसं लिहितो.

वहिनी पहाटेपासून काहीतरी शोधत होती. शिंकाळ्यावर, कपाटावर, देव्हाऱ्यामागे, माझ्या उशीखाली. मी विचारलं काय शोधतेस, तर म्हणाली, "काय नाय, पळी गावना नाय." पळी तिच्या हातात होती.

भटजी आले, पिंड झाले, कावळा पानाला लगेच शिवला. मग पंगतीच्या आधी तिने मला मागल्या दारी बोलावलं, वाटीत सांबारं दिलं.

"विनू, पयलो घास तू घे. मीठ बराबर आसा मां?"

आयुष्यात तिने हे मला कधी विचारलेलं नाही. मला नाही आणि दुसऱ्या कोणालाही नाही. मी वाटी तोंडाला लावली. समुद्राचं पाणी. त्या वेळी थोडं खोबऱ्याचं दूध, थोडं पाणी, चार उकडलेले बटाटे, काहीही करता आलं असतं. टोप चुलीवरच होता. मला वाटलं, ही मला खेळवते आहे.

"तुका म्हायत नाय तर कोणाक?" म्हणालो आणि पंगतीत जाऊन बसलो.

चाळीस माणसं जेवली. कोणी काही बोललं नाही. दाजींनी तीनदा पाणी मागून घेतलं आणि उठताना म्हणाले, "बरां झालां हां काशी. तेका पोचला." वहिनी दाराशी उभी राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. सगळ्यांच्या पानांवर सांबारं तसंच होतं. ती पानं तिने स्वतः उचलली, संचितालाही लावू दिली नाहीत.

१३ नोव्हेंबर

संचिता सकाळी गेली. जाताना मला म्हणाली, "काका, आईकडे जरा बघा." बघतोच आहे की. गेला महिनाभर दुसरं काय करतोय?

चाचणीचा निकाल: हाताला काही येत नाही. किंवा येतं आणि दाखवत नाही. दोन्हींपैकी काय ते मला लिहिता येईना. आनंद व्हायला हवा होता, तो होत नाहीये.

१६ नोव्हेंबर

दुपारी बाजारातून आलो तर अंगणातच करपल्याचा वास. आत विरळ धूर. गॅसवर दूध जळून पातेल्याचा कोळसा झालेला, आणि वहिनी त्याच स्वयंपाकघरात, चार हातांवर, पाठ करून वाल सोलत बसलेली.

"वैनी, दूध करापलां."

"खंय?" म्हणाली. आणि उठून दुसऱ्या शेगडीकडे गेली, जिच्यावर रिकामा तवा होता.

मी गॅस बंद केला आणि तिथेच जमिनीवर बसलो. दूध कुठे आहे ते तिने नाकाने शोधलं नव्हतं, अंदाजाने शोधलं होतं. सरंगा मला दाखवला होता. पेज. अकरा, चोवीस, सोळा. सव्वीस ग्रॅम मीठ आणि न हललेली पापणी. सगळं माझ्याच अक्षरात, तारीखवार लिहिलेलं होतं. सत्तावीस वर्षांत मला एकदाही वाटलं नाही की मोजपट्टीला ताप येऊ शकतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

वहिनीने वालांचं सूप बाजूला सारलं. "चवथीच्या अगोदर ताप इलो ना, तेवां. वास गेलो तो गेलो. पयलां वाटलां येतलो आठ दिसांनी. मगे चव पण गेली. आता गूळ खाल्लंय काय आणि माती खाल्लंय काय."

"माका सांगूक नाय?"

"तुका कसा सांगू? तू माझ्या हाताच्या भरवश्यार नोकरी सोडून इलंस. हात ऱ्हवलो नाय म्हणान सांगलंय असता तर तू खंय गेलंस असतंस?" तिने हातावरची सालं झटकली. "संचिता म्हणता डाक्टराकडे चल. मी सांगलंय, पयली तारीख होऊ दे. तुझी वही बघलंय तेवां देव पावलो असा वाटला. म्हटलां, आता चव नसली तरी चलात. विनू लिवन ठेवता तसां घालूचां. मधी एक दिस सव्वीस होतां, तां पण घातलंय."

तिने पुढे विचारलं, आणि अगदी सहज विचारलं, मला जेवतोस का म्हणून विचारते तसं.

"खरां सांग. तुझ्या दादाच्या श्राद्धाक सांबारां खारट झालेलां मां?"

"होय."

"लय?"

"लय."

"माका वाटलांच. पानां बघलंय ना मी." पदराने तिने नाक पुसलं. "वही गावली नाय रे त्या दिवशी. सहाक अठरा तां पाठ होतां, तांच सातदा घातलंय."

मी तिला सांगितलं की वही मी लपवली होती. ती माझ्याकडे बघत राहिली, रागाने नाही, नीट कळावं म्हणून.

"खंय ठेवलंस?"

"दादाच्या ट्रंकेत."

"सगळां घर शोधलंय मी," ती म्हणाली. "तेवढी ट्रंक उघडूक नाय. ह्यांचे कपडे आसत तेच्यात. म्हटलां, वास घेवक गेलंय आणि तो पण इलो नाय तर?"

१७ नोव्हेंबर

दीपिकाला सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही, सव्वीसचा आकडासुद्धा नाही. ती एवढंच म्हणाली की एक तारीख चुकली तरी चालेल.

वहिनीला ते सांगितलं तर ती उसळली. "चुकात कशी? मी काय मेलंय?"

२२ नोव्हेंबर

सावंतवाडीला डॉक्टरकडे जाऊन आलो, संचिताही होती. वास परत येईल किंवा येणार नाही, म्हणाले. रोज चार वास हुंगायची सवय करा. निळ्या वहीत नवं पान काढलं: लवंग, लिंबाची साल, तिरफळ, कॉफी. सकाळ आणि संध्याकाळ. आजचे सगळे शून्य. वहिनी डोळे मिटून इतक्या गंभीरपणे हुंगते की मला हसू येतं आणि तिलाही.

चाळीस माणसांचा तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून मिठाच्या बरणीवर चिकटवला आहे. मासे मी हुंगतो, पण कल्ला कसा उचलायचा, बोट कुठे दाबायचं, डोळा कसा बघायचा हे ती मागे उभी राहून सांगते. आज तुळसाने माझा चेहरा बघूनच दोन बांगडे आपणहून परत घेतले.

१ डिसेंबर

पाटी लागली. पहिले पाहुणे कोल्हापूरचे, सहाजण. सहाच आले याचं मला बरं वाटलं, अठरा ग्रॅमचा हिशोब सरळ बसतो.

वहिनीने वाटप घातलं, सोलं घातली, तिरफळं ठेचून घातली. हात कुठेही अडखळला नाही. मीठ काट्यावर मोजून घातलं, माझ्यासमोर, उघड. मग पळीत घेऊन तिने ते माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, तसंच, मागल्या दारी विचारलं होतं तसं:

"मीठ बराबर आसा मां?"

मी चाखलं. अठरा ग्रॅमच होतं, पण मासे आज मोठे होते, त्यांनी ओढून घेतलं असावं.

"कमी आसा, वैनी. वायच."

"मगे घाल," ती म्हणाली आणि बरणी माझ्याकडे सरकवली.

मी काट्याकडे वळलो तर तिने माझं मनगट धरलं. "हातान घाल."

मी चिमूट घेतली, घातली, ढवळलं आणि परत चाखलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, श्राद्धाच्या पंगतीत दाराशी उभी राहून बघत होती तशी. मी मान हलवली. मग तिने पाहुण्यांना पानावर बसायला सांगितलं.